सत्तरीपुढील प्रवाशांस सोबत आवश्यक

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हातारी माणसं मला आपोआप आवडत नाहीत. वय झालं म्हणून कुणी शहाणं होत नाही, हे मी कचेऱ्यांच्या बाकांवर बसून पुरेसं पाहिलंय. तेव्हा माझ्या घरमालकीणबाईंबद्दल मी जे लिहितेय त्यात आजीची माया वगैरे शोधू नका. तीन वर्षं मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहिले, आणि तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही जेवलीस का म्हणून विचारलं नाही. विचारायच्या ते एवढंच, "आज कुणाशीं भांडलीस? आणि मागितलेंस काय?"

सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणे. कुंभकोणमला महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. आम्ही दोघीही तंजावरी मराठी, म्हणजे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, त्यांच्यासोबत आलेली भाषा आम्ही तमिळची ठिगळं लावत वापरत राहिलो. हे जे मी आत्ता लिहितेय ते मराठी पुण्यात दोन वर्षं काढून शिकलेलं. तिथल्या वसतिगृहात मुली मला 'मजला भूक लागली' असं मुद्दाम म्हणायला लावायच्या आणि गाद्यांवर लोळून हसायच्या. त्या हसण्याबद्दल मला अजूनही राग आहे आणि तो मी सोडणार नाही.

अक्का टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर. सगळी नोकरी तिथेच झाली. कानाला हेडफोन लावून लावून त्यांची मान कायमची डावीकडे कलली होती, त्यामुळे त्या समोरच्याचं बोलणं कायम संशयाने ऐकताहेत असं वाटे. बऱ्याचदा ते खरंही असे. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा. तीन झाली की ऑपरेटर मध्ये तोंड घालून विचारायची, वाढवायचा का. अक्कांच्या अंगात हे मुरलं होतं. त्यांच्या ओसरीवर बसून तुम्ही काही सांगू लागलात की तिसऱ्या मिनिटाला त्या हात वर करत. "तीन झालीं. वाढवूं?" डॉक्टर, गुरुजी, गॅसवाला, कुणालाही सूट नाही. एकदा एक नातेवाईक मुलाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आले आणि मुलीकडच्यांच्या घराण्यात शिरले. मुहूर्तापर्यंत पोचायच्या आत तीन मिनिटं भरली. अक्कांनी वाढवून दिलं नाही. लग्नाला मात्र गेल्या, तारीख दुसरीकडून काढून.

चळवळीसाठी मी लिहीत असलेली पत्रकं त्या वाचत. मी लिहिलेलं वाचणारी माणसं दोनच प्रकारची, पोलीस आणि अक्का, असं मी गमतीने म्हणे. पहिलंच पत्रक वाचून त्यांनी ते माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाल्या की नऊ ओळी तू रागावली आहेस आणि मागणी दहाव्या ओळीत आहे. लाइन नवव्या ओळीला कटली तर? लोकांना एवढंच कळेल की कुणीतरी मुलगी रागावली होती. तेव्हापासून माझ्या पत्रकांत मागणी पहिल्या ओळीत असते. मला चळवळीतल्या कुणीही इतकं उपयोगाचं शिकवलेलं नाही. ज्यांनी शिकवायचं ते भाषणं करत होते.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे गाईड. देऊळ नुसतं पाहून कळत नाही, सांगणारा हवा, हे त्यांचं ठाम मत. आठवड्यातून एकदा त्या टाउन बसने दारासुरमच्या देवळात जात आणि परदेशी पाहुण्यांच्या घोळक्यात मागे उभ्या राहून गाईड काय सांगतो ते ऐकत. चुकला की चारचौघांत सांगत. इंग्रजीत, एक्स्चेंजच्या इंग्रजीत, ज्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'प्लीज' असतं आणि तरी ते दटावल्यासारखंच लागतं. तिथले गाईड त्यांना लांबून पाहिलं की घोळका घेऊन दुसऱ्या मंडपात जात. एक जण मात्र त्यांना नमस्कार करून विचारी, अक्का, आज काय चुकलं? त्याचं पुढे चांगलं चाललं.

तर अशा बाईंनी बहात्तराव्या वर्षी ठरवलं की कंबोडियाला जायचं.

कंबोडियाच का, हे मी विचारलं. त्यांचं उत्तर मी आजवर ऐकलेल्या प्रवासाच्या कारणांमध्ये पहिल्या नंबरचं आहे. सिंगापूर, पिनांग, क्वालालंपूर, रंगून, सगळीकडचे कॉल त्यांनी जोडून दिले होते. कुठे बाळ झालं, कुठे माणूस गेलं, कुणी पैसे पाठवायचे बंद केले, सगळं त्यांच्या कानावरून गेलं होतं. पण एवढ्या वर्षांत कुंभकोणमातून कंबोडियाला कुणी एकही कॉल मागितला नव्हता. "एवढीं थोर देवळें तिकडे, आणि अम्हां देवळांच्या गावांतून एक फोन नाहीं? हें काय बरें?" त्यांना हे उणं वाटत होतं आणि ते आपणच भरून काढायचं असं त्यांनी मनावर घेतलं होतं. पासपोर्ट तर केव्हाचा काढलेला. एकदा मुदत संपून नवा केलेला, दोन्हींत एक शिक्का नाही.

मग माहितीपत्रकं मागवायला सुरुवात झाली. ओसरीवर नुसता रंगीत कागदांचा ढीग. अक्का तांबड्या पेन्सिलीने प्रत्येक दिवसाचे तास मोजत. एका कंपनीच्या तिसऱ्या दिवशी देवळाला दीड तास होता आणि रत्नांच्या, रेशमाच्या दुकानांना चार. मी तिथेच पेटले. कमिशन, फसवणूक, ग्राहकांचे हक्क, सगळं काढलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, जिथे घरोघर रेशीम विणतात त्या कुंभकोणमची बाई रेशीम घ्यायला समुद्र ओलांडेल असं ज्याला वाटतं त्याला भूगोल येत नाही. आणि तो कागद त्यांनी मुरुक्क्यांच्या, म्हणजे चकल्यांच्या, डब्याखाली घातला.

शेवटी त्यांना पुण्याची एक टूर कंपनी सापडली. पाच रात्री, सहा दिवस. सगळा गट मराठी, टूर लीडर मराठी, आणि देवळांना पूर्ण अडीच दिवस. अक्कांचे डोळे असे चमकले की मला भीतीच वाटली. आपल्या भाषेत, आपल्या माणसांसोबत! त्यांना मी पुण्याच्या त्या गाद्यांवरच्या हसण्याबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तीन मिनिटं होऊ दिली, आणि वाढवली नाहीत.

फोन स्पीकरवर लावला. पलीकडे एक तरुण मुलगी, भरभर बोलणारी. अक्का म्हणाल्या, "मजला तुमच्या कंबोडियाच्या सफरीस येणें आहे. तपशील सांगावा." मी मुठी आवळून बसले, ही हसली की आपण काय बोलायचं ते ठरवून. मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही नाटकात काम करता का?" तिच्या आवाजात थट्टा नव्हती, खरंच विचारत होती. अक्का इतक्या खूष झाल्या की त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास सांगायला घेतला आणि चौथ्या मिनिटाला स्वतःलाच थांबवलं. असं मी पहिल्यांदा पाहिलं.

नंतरचे पंधरा दिवस त्या दोघींचे रोज फोन. कुठल्या देवळाला किती पायऱ्या, चढ किती, पायऱ्यांना कठडा आहे का, पहाटे सूर्योदय पाहायला उभं राहायचं ते तळं देवळाच्या कुठल्या अंगाला. जेवणाच्या यादीत पुरणपोळी, पिठलं-भाकरी आणि श्रीखंड पाहून अक्का म्हणाल्या, कंबोडियाला जाऊन पिठलं खायचं असेल तर मग कंबोडियाने तरी तिथे का असावं? मुलगी हसली. तिकडचं जेवण मागवता येईल का ते विचारून सांगते म्हणाली.

आणि तालीम सुरू झाली. अक्का सहलीचा कार्यक्रम आधी इथे करून पाहणार होत्या, दिवसागणिक. दुसऱ्या दिवसाची पहाट म्हणून आम्ही महामहम तळ्याच्या काठावर उजाडण्याआधी पोचलो आणि सूर्य येईपर्यंत उभ्या राहिलो, कारण तिकडे उभं राहावं लागतं. तिसरा दिवस जवळच्या साक्कोट्टै गावाला. तिथल्या शिवमंदिराच्या आवारात तिकडच्या देवळाइतकं अंतर भरेपर्यंत प्रदक्षिणा. गाईड मी. गाईडच्या हातात झेंडा हवा, म्हणजे गटाला दिसतो. माझ्या खोलीत झेंडे आणि काठ्यांना तोटा नव्हता. तर मी लाल झेंडा उंच धरून पुढे, मागे पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत नऊवारीचा काचा वर खोचलेल्या अक्का, घड्याळ हातात घेऊन. साक्कोट्टैच्या बायका विचारायला लागल्या, कसला मोर्चा? मी म्हटलं, कंबोडियाचा. त्यांतल्या दोघी आमच्याबरोबर तीन फेऱ्या चालल्या. कशासाठी हे त्यांनी विचारलंही नाही. अक्कांनी त्यांना 'लोकल गाईड' म्हणून मोजलं.

मग तो नियम आला.

अक्का पुण्याहून गटासोबत जाणार नव्हत्या. तिरुचीहून विमानाने क्वालालंपूर, तिथे गटाला गाठायचं, पुढे सगळ्यांसोबत. अशांना कंपनी 'जॉइनिंग प्रवासी' म्हणते. आणि सत्तरीपुढच्या जॉइनिंग प्रवाशाला सोबत हवी. सोबतीशिवाय बुकिंग नाही. मुलीने हे सांगताना तीन वेळा सॉरी म्हटलं.

मी तासाभरात पत्रक लिहून काढलं. सत्तरी ओलांडली की नागरिकत्व संपतं का? ज्या बाईने समुद्रापारच्या माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं तिला समुद्र ओलांडायला परवानगी कुणाची? बारा ओळी, आणि रागाच्या भरात पहिल्या ओळीतली मागणीच राहून गेलेली. अक्कांनी वाचलं. "मागणी?" म्हणाल्या. मी म्हटलं, नियम रद्द करा. त्या म्हणाल्या की नियम रद्द होईपर्यंत मी पंच्याहत्तरची होईन, तोवर माझे गुडघे थांबणार आहेत का? मग कललेल्या मानेने माझ्याकडे पाहिलं. "तूंच चल कीं सोबतीस."

मी हो म्हटलं. आनंदाने, उडी मारून हो म्हटलं. परदेश मी पाहिला नव्हता. बुकिंगच्या अर्जावर सोबतीच्या रकान्यात माझं नाव गेलं, वय सव्वीस. पुण्याच्या मुलीने 'अरे वा' असा मेसेज पाठवला. मी पासपोर्टचा अर्ज केला. त्या अर्जात एक प्रश्न असतो, तुमच्यावर काही खटला चालू आहे का. माझ्यावर होता. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावी बसथांब्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह हवं म्हणून आम्ही रस्त्यात बसलो होतो, तेव्हाचा. मी खरं तेच लिहिलं आणि मनाशी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीने काय होतंय.

होतं. पडताळणीला आलेल्या हवालदाराने चहा घेतला, बिस्किट घेतलं, आणि कोर्टाचा कागद आणल्याशिवाय पुढे काही होणार नाही म्हणाला. कोर्टाची तारीख सहलीनंतरची.

हे मी अक्कांना चार दिवस सांगितलं नाही. मी, जी सगळ्यांना तोंडावर बोलते. त्या खाली औषधांच्या गोळ्या दिवसांप्रमाणे पुड्या करून ठेवत होत्या, एका पुडीवर तिसरा दिवस, एकीवर चौथा, आणि मी जिन्यावरून गुपचूप वर जात होते. पाचव्या दिवशी कंपनीचा मेसेज आला: सोबतीच्या पासपोर्टची प्रत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मंगळवार होता. मी ओसरीवर जाऊन सगळं एका दमात सांगून टाकलं, तीन मिनिटांच्या आत. कोर्ट, पोलीस, व्यवस्था, सगळ्यांवर ओरडले आणि मग रडायला लागले, कारण अक्कांची वाट पोलिसांनी अडवली नव्हती, मी अडवली होती.

अक्कांनी विचारलं, "त्या गावीं स्वच्छतागृह झालें कां?"

मी म्हटलं, झालं. दरवाज्याला आतून कडी आहे, पाणीही येतं.

"मग पासपोर्टाचें काय मोठेंसें," त्या म्हणाल्या आणि उरलेल्या पुड्या बांधायला लागल्या. पण चौथ्या दिवसाच्या पुडीला त्यांनी दोनदा दोरा गुंडाळला.

नंतर त्यांनी पुण्याला फोन लावला आणि त्या मुलीला म्हणाल्या, नियम वाच. तुला आठवतो तसा नको, छापलाय तसा. मुलीने वाचला: सत्तर वर्षांपुढील जॉइनिंग प्रवाशासोबत त्याच सहलीत नोंदणी केलेला एक सहप्रवासी असणे आवश्यक. अक्का म्हणाल्या, पुन्हा. मुलीने पुन्हा वाचला. अक्का डोळे मिटून, मान कलवून ऐकत होत्या, जसं खरखरत्या लाइनवर दूरच्या माणसाचं नाव पकडतात. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सहप्रवाशाचें वय किती असावें, तें कोठें लिहिलें आहे?"

बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "नाही लिहिलेलं," मुलगी म्हणाली. मग हळूच, "मॅडम, कुठेच नाही लिहिलेलं."

बुधवारी सकाळच्या बसने आम्ही चोळपुरमला. तिथे अक्कांच्या नणंदबाई. अक्का त्यांना वन्सं म्हणत, मी आत्या. वय चौऱ्याहत्तर. स्वतः भातशेती करून घेणाऱ्या, बांधावर उभं राहून मजुरांना हाक मारणाऱ्या. मुलाने दुबईला बोलवायचं म्हणून कधीतरी त्यांचा पासपोर्ट काढून दिला होता. बोलवायचं राहून गेलं, पासपोर्टची मुदत मात्र अजून शिल्लक होती. अक्का आणि आत्या एकमेकींना वर्षातून दोनदा भेटत आणि दोन्ही वेळा भांडत. आत्यांच्या मते अक्का म्हणजे रिकामपणाने बिघडलेली बाई.

अक्कांनी बेत सांगितला. आत्या सुपात बियाण्याचं भात निवडत होत्या. मानही वर केली नाही. "वयनी, अम्हांस इकडे देवळें कमी पडलीं कां? चोळपुरमास आहे, साक्कोट्टैस आहे, तुमच्या कुंभकोणमांत तर पाय ठेवील तेथें देऊळ. दगड पाहावयास समुद्रापार कां जावें?" मी मध्ये पडून बायकांच्या संचारस्वातंत्र्यावर काही बोलले. आत्यांनी मला पाणी दिलं, म्हणजे गप्प केलं.

निघता निघता त्यांनी सहज विचारलं, "तिकडले लोक भाताचें पीक वर्षांत एक वेळां घेतात कीं दोन वेळां?"

अक्कांना माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, त्यांना काही माहीत नव्हतं. पण त्यांच्याकडे तिकडच्या स्थानिक गाईडचा नंबर होता. पुण्याच्या मुलीने दिलेला, पायऱ्यांबद्दल विचारायला. अक्कांनी चोळपुरमच्या त्या ओसरीवरून कंबोडियाला फोन लावला. गाईड कुठल्यातरी रस्त्यावर होता. प्रश्न ऐकून त्याला आधी वाटलं, बाई चेष्टा करताहेत. मग त्याने गाडी थांबवली, कॅमेरा फिरवला आणि दाखवलं. पसरलेली हिरवी शेतं, मध्ये ताडाची झाडं, बांध, पाण्यात उभी रोपं.

आत्यांनी सूप खाली ठेवलं. फोन दोन्ही हातांनी धरला, डोळ्याजवळ नेला. "पाणी फार ठेवलें आहे," म्हणाल्या. "विचारा त्यास, मुळें कुजत नाहींत कां?" अक्कांनी इंग्रजीत विचारलं, प्लीजसकट. गाईडने सांगितलं की त्याच्या सासऱ्याचं शेत आहे, सासऱ्यालाच विचारावं लागेल. आत्या म्हणाल्या, फोनवर हे कळायचं नाही, मातीत हात घालावा लागेल. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "हें सांगावयास तरी जावें लागेल."

पण त्यांची अट होती. देवळं वयनीने पाहावीत, आपल्याला अर्धा दिवस शेत हवं. आणि ताकभात. अक्कांनी तिथूनच पुण्याला फोन करून पाचव्या दिवसावर हात घातला. त्या दिवशी दुपारी रेशमाची आणि रत्नांची दुकानं होती. मुलगी म्हणाली, बाकीच्या गटाला खरेदी हवी असते, बदलता येणार नाही. अक्का म्हणाल्या, गटाला जाऊ दे दुकानात, आम्हां दोघींना त्या वेळात गाईडच्या सासऱ्याकडे सोड. मुलीने साहेबांना विचारते म्हटलं. साहेब स्वतः लाइनवर आले. शेताचं जमेल, म्हणाले, पण सोबतीच्या नियमाचा हेतू तरुण सोबती असा आहे, एक बहात्तर आणि एक चौऱ्याहत्तर म्हणजे सोबत कशी म्हणायची?

माझं तोंड उघडलं होतं. अक्कांनी हाताने मला थांबवलं. "साहेब, मजला आठवड्यांत दोनदां बीपीची गोळी विसरते. वन्संस विसरत नाहीं. वन्संस इंग्रजी येत नाहीं, मजला येतें. तिजला रस्ता कळतो, मजला नियम कळतात. तुमची तरुण सोबत याहून अधिक काय करील, तें सांगावें."

मग साहेब म्हणाले, डॉक्टरांचं प्रमाणपत्र दोघींचं पाठवा.

गुरुवार कसा गेला हे मला नीट सांगता येणार नाही, इतकी धावपळ. डॉक्टरांकडे दोघींचा ईसीजी. बाहेर बाकावर दोघी कुणाचा रक्तदाब जास्त यावरून भांडत होत्या आणि त्या भांडणाने दोघींचाही वाढला, म्हणून परत मोजावा लागला. व्हिसाच्या फोटोला मागे पांढरं हवं, तर माझा बॅनर उलटा करून, कोरी बाजू पुढे ठेवून, भिंतीला लावला. आत्या फोटोत रागावून पाहतात, बॅनरवर पलीकडून काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं होतं आणि त्यांना ते पटलं नव्हतं. व्हिसाचा अर्ज मी भरला. 'व्यवसाय' या रकान्यात आत्या म्हणाल्या, शेती. मी म्हटलं, गृहिणी लिहायची पद्धत आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शेती लिहिलं, आणि मला माझी लाज वाटली. चळवळीतली म्हणे मी.

शुक्रवारी दुपारी कागद गेले. चार वाजले, पाच वाजले. अक्का ओसरीवर फोन मांडीत घेऊन बसल्या होत्या, अगदी एक्स्चेंजच्या बोर्डावर बसत असतील तशा ताठ. आत्या पलीकडे कुणाचंही न ऐकता ताकभाताच्या पाकिटांबद्दल बोलत होत्या. सहाला पाच कमी असताना मेसेज आला. दोन नावं, दोन सीटा, शेजारी शेजारी. खाली त्या मुलीने स्वतःचं म्हणून एक वाक्य लिहिलं होतं: पाचव्या दिवशी शेतात जायला आणखी चार जणींनी नाव दिलंय, चालेल ना?

अक्का उठून आत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता. "वन्सं, खिडकी कोणाची?" त्यांनी विचारलं, आणि पुढचं भांडण सुरू झालं.

तिरुचीच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेले. सत्तरीपुढच्यांसाठी कंपनीने न विचारता चाकाच्या दोन खुर्च्या सांगून ठेवल्या होत्या. अक्कांनी एकीवर दोघींच्या पिशव्या रचल्या आणि दुसरी परत पाठवली. आत्या पायात नव्या चपला घालून, हातात बियाण्याची छोटी पुरचुंडी घेऊन उभ्या. बियाणं दुसऱ्या देशात नेता येत नाही हे मी दहा वेळा सांगितलं होतं. शेवटी ती पुरचुंडी माझ्याकडे आली. आत्यांनी ती देताना माझ्या हातावर असा दाब दिला की मी ती हरवली तर माझी खैर नव्हती.

दारावरच्या जवानाने तिकिटं पाहिली, पासपोर्ट पाहिले, वयं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे तिकीट नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने दोघींना 'पाट्टी', म्हणजे आजी, अशी हाक मारून तमिळमध्ये, जरा मोठ्या आवाजात विचारलं, "तुमच्यासोबत कोण आहे?"

"ही," अक्का आत्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या. त्याच क्षणी आत्यांनी अक्कांकडे दाखवलं.

जवानाने पुन्हा एकदा कागद पाहिले. काही चुकत होतं असं त्याला वाटत होतं, पण काय ते कागदावर सापडत नव्हतं. त्याने हात बाजूला घेतला. दोघी पिशव्यांची खुर्ची ढकलत आत गेल्या, खुर्ची कुणी ढकलायची यावर बोलत, आणि दोघींपैकी एकीलाही मागे वळून पाहायची आठवण झाली नाही. मी दाराबाहेर उभी होते. दाराबाहेर अडवलं गेलं की मला राग येतो, तो माझा धंदाच आहे. त्या सकाळी मी तो येईल म्हणून थोडी थांबले, आला नाही, मग बस पकडायला निघाले.